मुठीतला वाळला कांदा

वाळलेल्या कांद्यातही प्रकार असतात, हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. माझे वडील नांदेडला रेल्वेत कारकून होते. आमच्या क्वार्टरमध्ये कांदा म्हणजे चिरला की डोळ्यांतून पाणी काढणारा साधा कांदा, तो संपला की शेजारणीकडून आणायचा आणि परत द्यायला विसरायचं. लग्न होऊन मी लातूरला एका किराणा दुकानदाराच्या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी माझ्यापुढे पाच वाट्या मांडल्या. घरातले, बाजारातले सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. "वळख," अप्पा म्हणाले. मला एकही धड ओळखता आली नाही. एका वाटीतली पावडर मी सुंठ आहे म्हणून सांगितली. अप्पा हसले नाहीत, हे जास्त लागलं.

त्यातला एक होता उन्हात वाळवलेला कांदा. रेणापूर, शिरूर अनंतपाळकडच्या बाया उन्हाळ्यात बारका कांदा उभा चिरून छतावर पसरतात आणि कडकडीत वाळला की पोती घेऊन येतात. दिसायला मळकट, लालसर-तपकिरी, पण थोड्याशा तेलावर काळपट होईस्तोवर परतला की सगळ्या गल्लीला कळतं आज कुणाच्या घरी काळा मसाला होतोय. दुसरे कारखान्यातून येणारे पांढरे काप. ते कोमट पाण्यात भिजवून, पिळून मगच टाकायचे, नाहीतर वरून करपतात आणि आत चामड्यासारखे राहतात. त्याच कापांचा भरडलेला रवा चटणीला बरा. बिर्याणीवाले बांधून नेतात तो तळलेला कांदा, चिमटीत चुरडून बोटं हुंगायची, तेल जुनं असलं तर लगेच खवट वास येतो. आणि शेवटी पावडर. ती कडक तेलात पडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत जळते आणि भांडंभर कडू करते, म्हणून पाण्यात कालवून, आच कमी करून घालायची. दुकानात अप्पा हे पाचही प्रकार विकत. घरात मात्र त्यांना एकच चालत असे, उन्हातला. बाकी सगळं त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, खायचं नव्हतं.

अप्पांचं नाक बाजारात नावाजलेलं होतं. उन्हाळ्यात बाया दुकानापुढे पोती सोडून बसल्या की अप्पा गादीवरून उतरत, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, आणि एकेका पोत्यातून मूठभर कांदा उचलत. मूठ तोंडाशी नेऊन तिच्यात तोंडाची गरम वाफ सोडायची, मग नाकाला लावायची. वाफेनं कोरड्या कांद्यातला लपलेला वास वर येतो. पोत्याचा कुबट असेल, रात्री दवात राहिल्याचा असेल, काहीही लपत नाही. मग ती मूठ एकतर आमच्या टोपल्यात मोकळी व्हायची, नाहीतर त्याच पोत्यात परत. अप्पा बोलत नसत. टोपल्यात पडली ती बाई खूश होऊन चहा प्यायची आणि दुसरी पोत्याचं तोंड बांधायला लागायची. घासाघीस नाही, विनवणी नाही. आमच्या दुकानाच्या काळ्या मसाल्याला पार उदगीरपर्यंत मागणी होती ती या मुठीमुळे.

लग्नानंतर सहाएक महिन्यांनी माझे वडील पहिल्यांदा जेवायला आले. मी आमटी केली. घाई होती, उन्हातला कांदा परतून वाटायला वेळ नव्हता, म्हणून दुकानातलीच पावडर पाण्यात कालवून नीट बेतानं घातली. सासूबाईंनी चाखून मान डोलावली. वडील नि अप्पा पाटावर बसले. अप्पांनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात ठेवला.

"पावडर हाय," ते म्हणाले. मग माझ्या वडिलांकडे वळून अगदी गोड आवाजात, "तुमच्या नांदेडात कांद्याची पण झेरॉक्स घालतात का हो?"

वडील कसनुसे हसले. अप्पांनी पातेलं उचलायला लावलं, आमटी गाईला घालायला लावली आणि सासूबाईंना पहिल्यापासून करायला बसवलं. सासूबाईंनी पुन्हा डाळ शिजायला टाकली. वडील हात धुऊन पाऊण तास पाटावर बसून राहिले. मग त्यांची एसटी निघायची वेळ झाली आणि ते चहा घेऊन गेले. मला त्या दिवशी अप्पांच्या तोंडावर गरम डाळ फेकावीशी वाटली होती, हे मी आज लिहिते आहे कारण आज लिहायला भीती वाटत नाही.

पुढची बावीस वर्षं रोज दोन्ही वेळेला पहिल्या घासाबरोबर अप्पा माझा कांदा जाहीर करत. "आज जरा कमी परतला." "हा मागच्या सालचा हाय." सासूबाई वारल्या, त्यांच्या दिवसकार्याच्या, गणाराधनेच्या पंगतीत आचाऱ्यानं आमटीत पांढरे काप घातले होते, तर अप्पांनी बायकोच्या नावानं चाललेल्या त्या जेवणातही ते बोलून दाखवलं. त्यांचं कधी चुकत नसे. चुकत असतं तर मला इतका राग आला नसता.

मग ती साथ आली. मास्क लावायचे दिवस. आमच्या घरात सगळेच आठवडाभर आडवे झालो आणि सगळ्यांचाच वास गेला. माझा पंधरा दिवसांत परत आला, आमच्या यांचा महिन्यानं, तोही अर्धाच. तंबाखूनं तो आधीच मारलेला होता. अप्पांनी तर सगळ्यांच्या आधी, आठव्याच दिवशी सांगून टाकलं, "माझं झालं बराबर." आणि जाऊन गादीवर बसले.

ते खोटं होतं. मला कळलं ते असं. एका दुपारी मी पिठल्याची फोडणी टाकली आणि दारावर कुणी हाक मारली म्हणून बघायला गेले. परत आले तर बरणी उपडी होऊन कांद्याची पावडर तेलात पडलेली, जळून कोळसा. धूर निघून गेला होता, पण वास असा की माझे डोळे चुरचुरले. अप्पा स्वयंपाकघराच्या दारातच खुर्चीवर बसून मोबाइलवर बाजारभाव बघत होते. त्यांनी वर मान करून विचारलं, "आज काय करायलीस?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "पिठलं," मी म्हणाले. ते परत मोबाइलकडे वळले. बावीस वर्षांत त्या घरात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ते जळकं पिठलं मी त्यांना वाढलं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "उन्हातला. रेणापूरचा." मी म्हणाले, "हो अप्पा."

त्या दिवसापासून माझा खेळ सुरू झाला. आमच्या यांचं जेवण दुकानात डब्यानं जायचं, घरात खाणारे आम्ही दोघंच. मी अप्पांच्या आमटीत न भिजवता पांढरे काप टाकले, ते तासभर चघळत बसले. दुकानातून परत आलेला खवट तळलेला कांदा घातला. सुरुवातीला दर वेळी उत्तर एकच, उन्हातला, रेणापूरचा, आणि वर शाबासकी. अप्पा मूर्ख नव्हते. वास नाही म्हटल्यावर ते डोळ्यांनी काम भागवू लागले. जेवायच्या आधी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात यायचे आणि कोणता डबा उघडा आहे ते बघून जायचे. ते लक्षात आल्यावर मी उन्हातल्या कांद्याचा डबा मुद्दाम उघडा ठेवायची आणि घालायची भलतंच. कधी उलटंही करायची. पावडरीची बरणी पुढे ठेवून खरा कांदा घालायची, म्हणजे ते चांगल्या आमटीला नावं ठेवायचे. मला ते फार आवडायचं.

अप्पा वाळू लागले. चव गेलेल्या माणसाला जेवण म्हणजे नुसतं चावणं. ते मीठ वरून घेऊ लागले, मग तिखट, मग ताट अर्धं टाकू लागले. सदरा खांद्यावरून उतरू लागला. दिसत होतं मला. आंधळी नव्हते मी. पण त्यांची गादी कशावर टिकली आहे हे जगात आता दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते सुख सोडवत नव्हतं.

निदान मला तसं वाटत होतं. उन्हाळा लागला, बाया-व्यापाऱ्यांची पोती येण्याचा आदला दिवस, आणि अप्पा स्वयंपाकघरात आले. पाणी घेतलं नाही. डब्यांकडे बघितलं नाही. उभे राहिले.

"उद्या दुकानात येशील का? चहा घेऊन ये."

"दुकानात पोरगा आहे की चहाला."

"तू ये," ते म्हणाले. "नुसती हुबी ऱ्हा. मी मूठ घेतली की तुला बी वास येईलच. खराब असंल तर पदर नाकाला लाव. मी बघतो तुझ्याकडं."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी जाणते आहे हेही, मी काय वाढते आहे हेही असेल कदाचित. तरी ते गप्प जेवत होते आणि शाबासकी देत होते, कारण ओरडले असते तर कशावरून ओळखलं ते सांगावं लागलं असतं. "गादी गेली तर मी दिवसभर घरात काय करू?" ते म्हणाले. माझ्याशी इतकं नरम ते कधीच बोलले नव्हते. मी म्हणाले, "येते अप्पा."

दुसऱ्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. पहिल्या बायांचा कांदा चांगला होता, अप्पा माझ्याकडे ओझरतं बघत आणि मूठ टोपल्यात सोडत. बाया एकमेकींकडे बघून मान डोलवत, नाक असावं तर असं. मग एका व्यापाऱ्याची सहा पोती उतरली. पहिल्याच पोत्याचं तोंड सुटलं आणि कुबट वास माझ्यापर्यंत आला. ओलं राहून आतल्या आत सडलेलं आणि वरून पुन्हा वाळवलेलं. अप्पांनी मूठ घेतली, वाफ सोडली, नाकाला लावली, डोळे मिटून नेहमीइतकाच वेळ घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

माझे दोन्ही हात ट्रेला होते, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ट्रे ठेवायला शेजारी चांगला हातभर रुंद वजनकाटा होता. मी पदर खांद्यावर नीट केला, इतकंच. अप्पांनी मूठ टोपल्यात सोडली. सहाही पोती घेतली.

तो कांदा मसाल्यात गेला, डंकावर कुटला गेला आणि पाकिटं विकली गेली. महिनाभरानं रेणापूरचा एक आचारी दुकानात आला. वर्षानुवर्षं लग्नाच्या पंगतींना आमचाच मसाला नेणारा माणूस. मी नेमकी यांचा जेवणाचा डबा द्यायला गेले होते. आचाऱ्याच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता. "वऱ्हाडानं पानं तशीच ठिवली," तो म्हणाला. "तीस वर्षांत असं झालं न्हाई. अप्पा, तुम्हीच वास घ्या." आणि त्यानं झाकण काढलं.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. एका बाईनं पटकन नाक दाबलं. आमच्या यांच्यासुद्धा कपाळाला आठ्या पडल्या, त्यांच्या अर्ध्या मेलेल्या नाकाला पोचला तो वास. अप्पा डब्यावर वाकले, छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले. उघडले तेव्हा आधी मला शोधलं. मी लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत होते.

"झकास हाय की," अप्पा म्हणाले. "उन्हातला कांदा हाय. आपल्या रेणापूरचा."

आचारी भांडायच्या तयारीनं आला होता, पण त्याचा राग तिथेच गळाला. भला माणूस होता. त्यानं झाकण हलकेच परत बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "अप्पा, तुम्हाला वास येत न्हाई का?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजानं सगळं संपलं. आमचे हे काउंटरमागून बाहेर आले, वडिलांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "चला अप्पा, घरी चला." अप्पा चपला न घालताच निघाले, एका गिऱ्हाइकानं त्या मागून आणून दिल्या.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण आधी बरं वाटलं होतं, आणि ते जास्त दिवस टिकलं. अप्पा मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. मुलालाही सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची उचलून त्यांनी पुढच्या खोलीत नेली आणि टीव्ही लावून बसू लागले. मी त्यांना पुन्हा उन्हातला खरा कांदा, मंद आचेवर परतून, नीट वाटून घालू लागले. त्यांना काय, सगळं सारखंच होतं. वर्षभर ते अर्धी भाकरी खाऊन उठत राहिले आणि कांद्याचं नावही काढलं नाही.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा कांदा बघायचा कुणी, असा प्रश्न पडला. आमच्या यांचं नाक कामाचं नव्हतं. मी म्हणाले, मी बघते. ते आधी हसले. मग घरात दोन-तीन प्रकार डोळे झाकून ओळखून दाखवले तेव्हा हो म्हणाले. नाही म्हणायला बावीस वर्षं अप्पांच्या हाताखाली शिकले होते.

मी गादीवर बसले. बाया पोती सोडून बसल्या. पहिल्या दोन-तीन मुठी मी दोन-दोनदा हुंगल्या, मग सरावले. तेवढ्यात शिरूर अनंतपाळची एक बाई आली, दरवर्षी येणारी, पन्नाशीची, डोक्यावर पोतं. तिनं इकडेतिकडे बघितलं.

"अप्पा कुठायत?"

"घरी असतात आता."

"मग कांदा कोन बघायलंय?"

"मी."

ती हसली. तिच्या मनात काही नसावं. "बघा बाई," ती म्हणाली, "अप्पा असते तर पोतं सोडायच्या आधीच घेतलं असतं." बाकीच्या बायाही हसल्या.

मी मूठ घेतली. वाफ सोडली. नाकाला लावली. इतका चांगला कांदा मी फार थोड्या वेळा हुंगला आहे. एकसारखा चिरलेला, खडखडीत, गोडसर, तापलेल्या छताचा वास अजून त्यात होता. मी मूठ तिच्याच पोत्यात सोडली.

"न्हाई चालायचा."

"का? काय खोट हाय?"

"कुबट वास आहे."

तिनं स्वतः मूठभर उचलून हुंगला. पुन्हा हुंगला. मग शेजारी बसलेल्या रेणापूरच्या बाईपुढे धरला, "तू बघ गं." रेणापूरच्या बाईचं स्वतःचं पोतं अजून मी बघायचं होतं. तिनं वास घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हाव. येतोय जरासा."

शिरूरची बाई तिथेच बसून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आपलाच कांदा हुंगत राहिली. शेवटी तिच्या तोंडावर दिसलं की तिलाही आता तो वास येऊ लागला होता. तिनं पोत्याचं तोंड बांधलं, डोक्यावर घेतलं आणि स्टँडकडे गेली. मी रेणापूरच्या बाईचं पोतं घेतलं. ते ठीकठाक होतं.

संध्याकाळी अप्पांना ताट वाढलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"शिरूरवाली आल्ती का?"

"आली होती."

"घेतलं ना तिचं?"

"परत केलं. वास होता."

अप्पांचा घास हातातच राहिला. "तिच्या कांद्याला वास नसतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हुंगायला दिला का तिनं?"

"रेणापूरच्या बाईला. ती हो म्हणाली."

"तिचं पोतं बघायचं ऱ्हायलं होतं?"

"हो."

अप्पा हसले. वर्षभरात पहिल्यांदा, पोट हलेपर्यंत हसले आणि ताट पुढे केलं. "आणखी एक भाकर वाढ." मी वाढली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि तिथून उठताही येत नव्हतं.

"चांगलं असून माघारी धाडलेलं पहिलं पोतं लई ध्यानात ऱ्हातं," भाकरी कुस्करत ते म्हणाले. "पुढची न्हाई ऱ्हात."

मी विचारलं, "तुमचं पहिलं कुणाचं होतं, अप्पा?"

"तुझ्या सासूच्या माहेरचं," ते म्हणाले, आणि कुस्करलेल्या भाकरीवर आमटी ओतून पोटभर जेवले.